चित्ररथामागच्या एलईडी वॉलसाठी लेअर आणि बॅकग्राउंड कसे रचावेत

बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती जवळ आली की मोशन ग्राफिक्स करणाऱ्या पोरांना झोप नसते. मंडळाचे कार्यकर्ते येतात आणि मागणी थोड्याफार फरकाने एकच असते: "भावा, मागं गड दाखव, ढग पळू देत, धुकं सोड, आणि मंडळाचं नाव लांबून वाचता आलं पाहिजे बघ." या चारही गोष्टी एका चौकटीत नीट बसतात. मात्र त्या बसवायच्या तर कोणती वस्तू कशाच्या मागे, किती मागे आणि किती फिकी, हे आधी ठरवावं लागतं. इफेक्टचा विचार त्यानंतर.

चित्ररथाच्या कामात आणखी एक गोष्ट असते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. आपल्या रचनेतला सगळ्यात पुढचा लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्रांतला एक थर, कॉम्प्युटरमध्ये नसतोच. तो ट्रॉलीवर, एलईडी वॉलच्या पुढे, मावळ्याच्या वेशात उभा असतो. जिवंत देखाव्यासाठी बॅकग्राउंड करणाऱ्याने त्या पोरासाठी जागा सोडून मगच बाकीचे लेअर लावावेत. हा सगळा लेख त्याच हिशोबाने लिहिला आहे.

पुढच्या पायऱ्या अडोबी आफ्टर इफेक्ट्स या हलती चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमधल्या आहेत, कारण आपल्या भागात बहुतेक स्टुडिओंत तेच चालतं. शॉर्टकट विंडोजचे दिले आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन. मोबाइलवर अलाइट मोशन वापरणाऱ्यांनाही मूळ रचना उपयोगी पडेल, कारण यादीत वर असलेला लेअर खालच्याला झाकतो हा नियम तिथेही तोच आहे.

आधी वॉलचं माप

कॉम्पोझिशन, म्हणजे सगळे लेअर जिथे रचायचे ती चौकट, उघडायच्या आधी एलईडीवाल्याला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: पिच (दोन एलईडी ठिपक्यांमधलं अंतर) किती, आणि कॅबिनेट (वॉल ज्या सुट्या चौकोनांची बनते ते) किती बाय किती? "मोठा आहे दादा, दहा फुटी" या उत्तरावर काम सुरू करू नका. भाड्याने मिळणाऱ्या वॉलमध्ये पी ३.९१ हा पिच बराच चालतो. त्यात ५०० बाय ५०० मिलिमीटरच्या एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. समजा ट्रॉलीवर आडवी ६ आणि उभी ४ कॅबिनेट लागणार आहेत. म्हणजे वॉल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच, आणि पिक्सेल ७६८ बाय ५१२. आपलं कॉम्पोझिशन नेमकं एवढंच.

खूप जण १९२० बाय १०८० मध्ये काम करून फाइल देतात आणि मग ती वॉलवर चेपली तरी जाते, नाहीतर कापली तरी जाते. वरून बारीक रेघा, नाजूक नक्षी, पातळ अक्षरं सगळी विरघळतात. ७६८ पिक्सेल हा आकडा डोळ्यांसमोर असला की आपण आपोआप जाड आणि मोजकं काढतो. एक-दोन पिक्सेलची रेघ हलताना लुकलुकते. चारेक पिक्सेलच्या खाली जाऊ नये.

कंट्रोल + एन करा, रुंदी ७६८, उंची ५१२, फ्रेम रेट २५. कालावधी ४० सेकंद आणि वर १ फ्रेम. ही एक जादा फ्रेम कशाला ते लूपच्या वेळी सांगतो.

आता कागद घ्या आणि वॉलचा चौकोन काढून त्यापुढे माणूस काढा. वॉल ट्रॉलीच्या फळीपासून १ मीटर वर बांधली असेल आणि मावळा साडेपाच फुटी, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आतबाहेर असेल, तर त्याचं डोकं वॉलच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत येतं. पण बघणारे लोक रस्त्यावर, खाली उभे असतात. खालून वर बघताना पुढच्या माणसाचं डोकं वॉलचा आणखी वरचा भाग झाकतं. म्हणून खालचा अर्धा भाग महत्त्वाच्या गोष्टींसाठी बाद धरा. नाव वरच्या चतुर्थांशात, गड मधल्या पट्ट्यात, खाली नुसती झाडी, माती आणि अंधार. एवढं एक रेखाटन झालं की अर्धं काम झालं.

सगळ्यात मागे: आकाश

कॉम्पोझिशन सेटिंगमध्ये जो बॅकग्राउंड कलर असतो तो लेअर नव्हे. एक कॉम्पोझिशन दुसऱ्यात टाकलं की आतल्याचा तो रंग नाहीसा होतो आणि तिथे पारदर्शक भाग उरतो. म्हणून बॅकग्राउंड नेहमी खऱ्या लेअरने करायचा. कंट्रोल + वाय दाबून सॉलिड, म्हणजे एकाच रंगाचा लेअर, घ्या, 'मेक कॉम्प साइज' दाबा आणि त्याचं नाव 'आकाश' ठेवा. त्यावर जनरेट गटातला ग्रेडियंट रॅम्प लावा. वर गडद निळसर राखाडी, खाली क्षितिजाशी फिका पिवळट.

इथे भगव्याचा मोह आवरावा. आकाश भगवं केलं तर मावळ्याचा भगवा फेटा आणि हातातला ध्वज दोन्ही मागच्या रंगात मिसळून जातात. माणसांच्या अंगावर जे रंग आहेत ते त्यांच्या मागे नकोत. निळसर आकाशापुढे भगवा किती उठून दिसतो ते एकदा करून बघा. पांढरंशुभ्र आकाशही टाळा: एलईडीला पांढऱ्यासाठी सगळ्यात जास्त वीज लागते, जनरेटरवर ताण येतो, आणि पुढे उभा असलेला कलाकार नुसती काळी सावली होऊन बसतो.

ग्रेडियंटमध्ये पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागले तर प्रोजेक्ट पॅनलच्या तळाशी जिथे ८ बीपीसी (रंगछटांची बारकाई) लिहिलेलं असतं तिथे ऑल्ट धरून क्लिक करा आणि १६ वर न्या. पण शेवटची एमपी४ फाइल बहुधा ८ बिटचीच निघते, त्यामुळे पट्टे परत येतात. त्यावर उपाय म्हणजे ग्रेडियंट रॅम्पमधलंच रॅम्प स्कॅटर थोडं वाढवणं, किंवा वर एक-दोन टक्के नॉइज टाकणं. बारीक कण मिसळले की डोळ्याला पट्टे जाणवत नाहीत.

आकाशाचा लेअर टूडीच ठेवा. आकाश इतकं लांब असतं की कॅमेरा हलला तरी ते जागचं हलू नये, आणि सगळ्यात तळाशी असल्याने त्याचा वरच्या थ्रीडी लेअरना त्रासही होत नाही.

फोटोचे तुकडे करणं

गडाचा फोटो स्वतः काढलेला असावा, हा माझा आग्रह आहे. नेटवरून उचललेल्या फोटोवर हक्क दुसऱ्याचा असतो, आणि तोच फोटो शेजारच्या मंडळाच्या चित्ररथावरही दिसतो. येळ्ळूरचा राजहंसगड शहराजवळच आहे. पुढे भाताची शेतं, मागे गड, असा फोटो मोबाइलवरही उत्तम येतो. फक्त एक अडचण: शिवजयंती येते उन्हाळ्यात, तेव्हा डोंगर वाळून तपकिरी झालेले असतात. हिरवा गड आणि खरं धुकं हवं असेल तर आदल्या पावसाळ्यातच फोटो काढून ठेवा. लांबच्या डोंगररांगांसाठी जांबोटी-चोर्ला रस्त्यावर थांबलात तर एकामागे एक चार-चार रांगा मिळतात. ढगाळ दिवशी काढलेला फोटो कापायला सोपा जातो, कारण सावल्या कडक नसतात.

मोबाइलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. आपली चौकट ७६८ ची. म्हणजे फोटो २० टक्क्यांच्या खाली आणला तरी चौकट भरते आणि वाढवायला भरपूर वाव राहतो. हा वाव पुढे लागणार आहे.

फोटोशॉपमध्ये एकाच फोटोचे चार भाग वेगळ्या लेअरवर करा: लांबचे डोंगर, गड, मधली झाडी, पुढचं गवत-माती. कापताना प्रत्येक मागचा भाग पुढच्याच्या खाली थोडा सरकता ठेवायचा असतो. गड कापून काढला तर त्याच्या जागी डोंगराच्या लेअरमध्ये भोक पडतं. कॅमेरा हलला की ते भोक गडाच्या कडेने डोकावतं. म्हणून कंटेंट अवेअर फिल किंवा क्लोन स्टॅम्पने गडामागचा डोंगर भरून घ्या. पूर्ण नीट भरायची गरज नाही, कडेपासून शंभरेक पिक्सेल आत भरलं तरी पुरतं.

पीएसडी आफ्टर इफेक्ट्समध्ये आणताना 'कॉम्पोझिशन, रिटेन लेअर साइझेस' हा पर्याय निवडा. नुसतं 'फुटेज' निवडलंत तर सगळे तुकडे एकत्र चिकटून येतात. लेअर आपल्या ७६८ च्या कॉम्पोझिशनमध्ये कॉपी करा आणि लगेच नावं द्या: लेअर निवडून एंटर दाबायचं. 'लेअर ४ कॉपी २' अशी नावं राहिली तर रात्री दोन वाजता, "जरा झाडं कमी करा की अण्णा" असा फोन आल्यावर नेमका कोणता लेअर बंद करायचा ते सापडत नाही.

क्रम आणि खोली

टाइमलाइनमध्ये वरचा लेअर पुढे, खालचा मागे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. निवडलेला लेअर एक घर वर नेण्यासाठी कंट्रोल + उजवा चौकोनी कंस, एक घर खाली आणण्यासाठी डावा. त्यालाच शिफ्ट जोडलं की थेट सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली. गोंधळ होतो तो लेअरचा थ्रीडी क्यूब चालू केल्यावर. एकमेकांना लागून असलेल्या थ्रीडी लेअरमध्ये पुढे-मागे कोण हे झेड पोझिशन ठरवतं, टाइमलाइनचा क्रम नाही. झेड वाढला की लेअर कॅमेऱ्यापासून लांब जातो. दोन्हींचे झेड सारखे असतील तरच टाइमलाइनचा क्रम चालतो. झेड आणि टाइमलाइन दोन्हींचा क्रम सारखाच ठेवण्याची सवय लावा, म्हणजे यादी वाचूनच दृश्य डोळ्यांसमोर येतं.

दुसरी अडचण यापेक्षा छुपी आहे. थ्रीडी लेअरच्या मधोमध एखादा टूडी लेअर किंवा ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या सगळ्यांचा रंग-उजेड बदलणारा) आला तर आफ्टर इफेक्ट्स वरचा थ्रीडी गट आणि खालचा थ्रीडी गट वेगवेगळे धरतो. मग खालच्या गटातल्या लेअरचा झेड कितीही कमी करा, तो वरच्या गटाच्या पुढे येतच नाही. 'झेड बदलतोय पण काही होत नाही' अशी तक्रार आली की आधी मध्ये टूडी लेअर अडकला आहे का ते बघा. टूडी लेअर एकतर तळाशी, नाहीतर सगळ्या थ्रीडींच्या वर.

आता प्रत्यक्ष आकडे. लेअर मेन्यूतून नवा कॅमेरा घ्या, वन-नोड, ५० मिलिमीटर. टू-नोड कॅमेरा बाजूला सरकवला की तो आपल्या केंद्रबिंदूकडे मान वळवतो. आपल्याला सरळ सरकणं हवं आहे, म्हणून वन-नोड. ७६८ रुंदीच्या कॉम्पोझिशनमध्ये या कॅमेऱ्याचा झूम येतो १०६६.७ पिक्सेल, आणि कॅमेरा तेवढाच मागे उभा असतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण लेअर मागे ढकलला की तो लहान दिसतो आणि मूळ आकार परत आणायला त्याला किती वाढवायचं ते याच आकड्यावरून निघतं. हिशोब असा: १०६६.७ मध्ये झेड मिळवा, आणि आलेल्या बेरजेला १०६६.७ ने भागा.

गड झेड ० वर ठेवा. तो आहे तसाच राहील. लांबचे डोंगर झेड १०६७ वर न्या: स्केल दुप्पट. गड आणि डोंगर यांच्यामध्ये एखादी टेकडी असेल तर झेड ५३३: स्केल दीडपट. पुढची झाडी गडाच्या अलीकडे, झेड उणे २६७: स्केल पाऊणपट. फोटो आधीच १९-२० टक्क्यांवर असल्याने दुप्पट केला तरी चाळिशीच्या आत राहतो, फुटत नाही. मघाशी म्हटलेला वाव तो हा.

हे केल्यावर एखादा लेअर जागचा सरकला असेल तर परत जागेवर आणा. मग चौकट अगदी पहिल्यासारखीच दिसते, आणि बऱ्याच जणांना वाटतं काहीच झालं नाही. आता कॅमेरा ६० पिक्सेल उजवीकडे सरकवून बघा. गड ६० पिक्सेल सरकतो, लांबचे डोंगर ३०, पुढची झाडी ८०. या फरकामुळेच सपाट फोटोत खोली येते. त्यातून प्रत्येक लेअरला कडेला किती जादा भाग हवा तेही कळतं: कॅमेरा उजवीकडे गेला की झाडी डावीकडे ८० सरकते, म्हणून उजव्या बाजूला ती चौकटीबाहेर किमान ८० पिक्सेल असलीच पाहिजे, नाहीतर कड उघडी पडते. भाग कमी पडत असेल तर मोशन टाइल इफेक्ट लावून आउटपुट विड्थ १५० करा आणि मिरर एजेस चालू करा. झाडी-गवताला हे खपतं. गडाला नाही, आरशातला दुसरा बुरूज लगेच ओळखू येतो.

खोलीचा दुसरा अर्धा भाग रंगात आहे. सह्याद्रीत लांबची रांग नेहमी फिकी, निळसर आणि मऊ दिसते, कारण मध्ये हवा आणि दमटपणा असतो. लांबच्या डोंगराच्या लेअरवर कर्व्ह्ज लावून काळा भाग वर उचला, निळा किंचित वाढवा. मधली टेकडी त्याहून थोडी गडद. गड स्पष्ट. पुढची झाडी जवळजवळ काळी. झेडचे आकडे कितीही बरोबर असले तरी सगळे लेअर सारख्याच गडदपणाचे असतील तर दृश्य कागद चिकटवल्यासारखंच दिसतं. मला विचाराल तर वेळ कमी असताना कॅमेरा सोडा, पण रंगाची ही उतरंड सोडू नका.

धुकं आणि ढग

धुक्यासाठी नवं सॉलिड, त्यावर फ्रॅक्टल नॉइज, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवून. मोड स्क्रीन करा. एफ४ दाबलं की मोडचा रकाना दिसतो. स्क्रीनमध्ये काळा भाग नाहीसा होतो आणि पांढरा तेवढा उरतो. नेटवर विकत मिळणारे काळ्या पार्श्वभूमीवरचे धूळ-ठिणग्यांचे क्लिपही याच मोडने बसतात. उलट, पांढऱ्या कागदावर शाईने काढलेलं चित्र स्कॅन करून टाकायचं असेल तर मल्टिप्लाय. धुक्याला आडवा मास्क (लेअरचा तेवढाच भाग दाखवणारा आकार) देऊन कडा भरपूर मऊ करा, ओपॅसिटी ३०-४० टक्के, थ्रीडी चालू करून डोंगर आणि गड यांच्यामध्ये झेड ३०० च्या आसपास ठेवा. धुकं गडाच्या मागे असलं की गडाची कड उठून दिसते. सगळ्यांच्या पुढे पसरलेलं धुकं मात्र दृश्य नुसतं मळकट करतं.

ढगांना एक गोष्ट हवी: उजवी कड डाव्या कडेशी जुळणं. ढगांचा फोटो ७६८ रुंदीला बसवा, त्याची प्रत घेऊन आडवी उलटी करा, दोन्ही शेजारी ठेवा आणि १५३६ बाय ५१२ च्या वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये बंद करा. त्यावर ऑफसेट इफेक्ट लावून 'शिफ्ट सेंटर टू'चा आडवा आकडा ४० सेकंदांत बरोबर १५३६ ने वाढवा. सेकंदाला साधारण ३८ पिक्सेल वेग येतो. ढग पळतात, पण धावत सुटत नाहीत. हा लेअर आकाशाच्या लगेच वर, टूडीच, मोड स्क्रीन किंवा सॉफ्ट लाइट, आणि कमी ओपॅसिटी.

लूप

मिरवणूक रात्रभर चालते, आपली फाइल ४० सेकंदांची. जोड दिसली तर दर ४० सेकंदांनी दृश्य झटका खातं आणि लोकांचं लक्ष कलाकारावरून उडतं. त्यामुळे पहिली आणि शेवटची स्थिती जुळणं भागच आहे.

कॅमेरा सुरुवातीला मूळ जागी, २० सेकंदांना ६० पिक्सेल उजवीकडे, ४० सेकंदांना परत मूळ जागी. या तिन्ही की-फ्रेमना (जागा ठरवून दिलेल्या क्षणांना) एफ९ दाबून इझी इझ द्या. धुक्याच्या फ्रॅक्टल नॉइजमध्ये एव्होल्यूशन ऑप्शन्स उघडून सायकल एव्होल्यूशन चालू करा, सायकल २ ठेवा, आणि एव्होल्यूशन ० पासून पूर्ण २ फेऱ्यांपर्यंत न्या. ऑफसेट टर्ब्युलन्सने धुकं बाजूला सरकवू नका, त्याने लूप तुटतो. सरकल्याचा भास कॅमेऱ्यामुळे होतोच.

आता ती जादा फ्रेम. शेवटची की-फ्रेम नेमकी ४०:०० वर हवी, कारण तिथली स्थिती आणि शून्याची स्थिती एकच आहे. ती फ्रेम रेंडर झाली तर एकच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि बारीकशी अडखळण दिसते. म्हणून ३९:२४ वर जाऊन एन दाबा आणि वर्क एरिया, म्हणजे फाइलमध्ये जाणारा भाग, तिथेच संपवा. एकूण १००० फ्रेम.

नाव आणि मजकूर

मंडळाचं नाव टूडी, सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे कॅमेरा हलला तरी नाव स्थिर. त्याच्या मागे, चित्रांच्या पुढे, एक काळं सॉलिड ठेवा. मऊ कडेचा मास्क, ओपॅसिटी ५०-६० टक्के. वरून खाली विरत जाणारी ही काळी झाक बघणाऱ्याला जाणवत नाही, पण अक्षरं लांबून सुटी वाचता येतात. अक्षराची उंची वेलांटी-उकार सोडून किमान ४० पिक्सेल.

आपल्याकडे नाव मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहायचं काम वारंवार येतं. दोन वेगळ्या घडणीचे फॉन्ट शेजारी आले की एक नाव ओरडल्यासारखं आणि दुसरं पुटपुटल्यासारखं दिसतं. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'अनेक देवनागरी' आणि 'अनेक कन्नड', किंवा 'बलू २' आणि 'बलू तम्मा २', या फॉन्टच्या जोड्या एकमेकांशी जुळवूनच घडवलेल्या आहेत. जाडी आणि वळण जुळतं, आणि वापरायला मोफत आहेत. कन्नड अक्षरांना खाली ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षराचे भाग, येतात, म्हणून त्या ओळीखाली जास्त जागा सोडा.

आफ्टर इफेक्ट्समध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलतीकडे जात असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्या सांभाळणाऱ्या टेक्स्ट इंजिनचा पर्याय असेल तर तो निवडा आणि लेअर नव्याने टाइप करा. फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असतो. तो चिकटवला की अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात. नव्याने टाइप करणं उत्तम. विशिष्ट सुलेखनच हवं असेल तर कोरलड्रॉमध्ये अक्षरं कर्व्ह (आकारात रूपांतर) करून इलस्ट्रेटरची .ai फाइल मागवा आणि लेअरचं कंटिन्युअसली रास्टराइझ चालू करा, म्हणजे मोठं केल्यावर कड फुटत नाही.

अक्षरं एकेक करून येणारे तयार प्रीसेट इंग्रजीसाठी बनलेले आहेत. देवनागरीत ते मात्रा आधी आणि अक्षर नंतर असे तुकडे पाडतात. रेंज सिलेक्टरच्या ॲडव्हान्स्डमध्ये 'बेस्ड ऑन' हे वर्ड्स करा. शब्द अख्खा येतो, शिरोरेषा तुटत नाही. महाराजांच्या नावाची शिरोरेषा तुटलेली पडद्यावर दिसणं मला तरी सहन होत नाही.

ॲडजस्टमेंट लेअर आणि आवराआवर

सगळी चित्रं एकाच वेळी काढल्यासारखी दिसावीत म्हणून मजकुराच्या खाली आणि सगळ्या चित्रांच्या वर एक ॲडजस्टमेंट लेअर टाका, कंट्रोल + ऑल्ट + वाय. तो आपल्या खालच्या सगळ्यांवर काम करतो, वरच्यांवर नाही. म्हणून नाव त्याच्या वर राहिलं पाहिजे. त्यावर हलका कर्व्ह, किंचित निळसर झाक, एवढंच. नंतर आणखी एका ॲडजस्टमेंट लेअरवर कर्व्ह लावून खालचा अर्धा भाग मास्कने २० टक्के गडद करा. कलाकार त्याच भागापुढे उभे राहणार आहेत, आणि त्यांच्यावर समोरून पडणारा उजेड गडद पार्श्वभूमीवरच खुलतो.

बॅकग्राउंड संपूर्ण ब्लर करायचा असेल तर गॉसियन ब्लरमधलं रिपीट एज पिक्सेल चालू करा, नाहीतर चौकटीच्या कडा काळवंडतात.

काम झालं की आकाश, ढग आणि डोंगर एका रंगाचं लेबल, गड-झाडी दुसऱ्या, मजकूर तिसऱ्या. मागचे लेअर कंट्रोल + एलने लॉक. सगळं एकत्र प्रीकंपोझ करून, म्हणजे एका आतल्या कॉम्पोझिशनमध्ये बंद करून टाकण्याची घाई करू नका. शेवटचा बदल नेहमी 'गड थोडा वर घ्या' असाच असतो. ढगांसारखा स्वतंत्र तुकडा प्रीकंपोझ करावा. डोंगर-गड-झाडी बाहेरच, कॅमेऱ्याच्या नजरेत राहू द्या.

फाइल देताना

एलईडीवाल्याला कोणतं सॉफ्टवेअर आहे ते विचारूनच फॉरमॅट ठरवा. बहुतेक ठिकाणी एच.२६४ एमपी४ चालते. मंडळाचं नाव वेगळं, दुसऱ्या व्हिडिओवर टाकायचं असेल तर ते एमपी४ मध्ये जाणार नाही, कारण त्यात पारदर्शकता नसते. प्रोरेस ४४४४, चॅनल्स आरजीबी अधिक अल्फा, अशी वेगळी फाइल काढा. प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर फाइल मेन्यूतल्या डिपेंडन्सीजमधून कलेक्ट फाइल्स करा, नुसती एईपी (प्रोजेक्टची फाइल) पेनड्राइव्हवर नेलीत तर फोटोंच्या जागी रंगीत पट्ट्या दिसतील. फॉन्ट त्यात येत नाहीत, ते वेगळे घ्या.

स्टेटससाठी उभा व्हिडिओ मंडळ मागणारच. लेअर सुटे असतील तर तेच कॉम्पोझिशन डुप्लिकेट करून १०८० बाय १९२० करता येतं: आकाशाचं सॉलिड नव्या मापाचं, गड मध्यावर, नाव वर. कॅमेऱ्याचा झूम रुंदीवरून बदलतो, १०८० साठी १५०० पिक्सेल, तेव्हा नवा कॅमेरा घेऊन स्केलचा हिशोब पुन्हा लावा. इथे पुढे माणूस उभा नसतो, म्हणून खालचा गडद केलेला भाग उजळ करा आणि तारीख-मार्ग तिथे लिहा.

वॉल बांधून झाली की मिरवणुकीच्या आधी, अंधार पडल्यावर, दहा मिनिटं मागून घ्या. एक कार्यकर्ता फेटा बांधून ट्रॉलीवर उभा करा आणि तुम्ही रस्त्यावर पंधरा-वीस फूट लांब, लोक उभे राहतील त्या उंचीवरून बघा. नाव डोक्याआड जातंय का, फेटा मागच्या रंगात बुडतोय का, मोबाइलच्या कॅमेऱ्यात वॉलवर जाळी उमटतेय का. नाव झाकलं जात असेल तर ते वर घ्या. फेटा बुडत असेल तर आकाशाच्या ग्रेडियंटचा खालचा रंग बदला. जाळी दिसत असेल तर ती वॉलचे पिक्सेल आणि कॅमेरा यांच्या मेळामुळे असते, मोबाइलचं अंतर किंवा कोन बदलून बघा. लॅपटॉप सोबत न्या, चार्जरसकट; पहिले दोन बदल तिथल्या तिथे होतात आणि हजार फ्रेमचं रेंडर या मापात फार वेळ घेत नाही.